विहीर क्रमांक चार

बहात्तर तास उपसा, असं कागदावर.
पहिला तास मिनिटामिनिटाला मोजायचं,
मग दहाने, मग तिसाने,
मग तासातासाला, झोप लागू नये इतपत.

हार्लन फोर्क, नेब्रास्का. वस्ती नऊशे चाळीस.
मक्याच्या कडेला पंपघर, पत्र्याचं दार,
दाराच्या आत मागच्या सालचं कॅलेंडर, त्यावर हरीण.
डेल्मर व्रबका पोलादी टेपेला निळा खडू फासतो,
सुताराचा खडू, आणि ती नळीत सोडतो
माशाला गळ सोडावा तशी, बोलत बोलत.
वर ओढली की खडू जिथवर भिजून गडद झालाय
तिथे अंगठा ठेवतो.
एक्केचाळीस फूट, तीन इंच.
मी लिहिते.

अकरा मैलांवर स्टॅनविक. तिथल्या पाण्यात नायट्रेट.
तान्ह्यांच्या दुधाला बाटलीतलं पाणी घ्या,
अशी चिठ्ठी दर दाराला.
त्यांच्या महापौरबाई लॉरेटा किम्बल
यांचं पत्र एका ओळीचं:
वेळ आली तर किती देऊ शकाल?

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून,
हे मी लहानपणीच ऐकलंय.
पण आडात आहे किती?
वाकून बघणाऱ्याला आपलंच तोंड दिसतं,
आणि इथे तर वाकायलाही जागा नाही:
सोळा इंची नळी, झाकण, चार बोल्ट.

मिनिटाला साडेतीनशे गॅलन.
पातळी उतरली, थांबली,
पायरीवर टेकल्यासारखी.
पाचशे. आणखी नऊ फूट उतरून
पुन्हा टेकली.
साडेसहाशेला मात्र टेकेना.
दर खेपेला अंगठा थोडा आणखी खाली.
डेल्मरचं बोलणं कधी थांबलं
ते मी नोंदवलेलं नाही.

तिसऱ्या रात्री सव्वादोनला पिकअपचे दिवे.
इर्मा कोल्टरमन, गाऊनवर नवऱ्याचा कोट,
अर्ध्या मैलावरून.
नळ खोकतोय, म्हणाली.
सासऱ्यानं खणलेली घरची विहीर, पंच्याऐंशी फूट.
तक्रार नाही,
टब भरून ठेवू का
एवढंच विचारायला आले.

पंप बंद केला.
कागदावरचे शेवटचे काही तास
तसेच राहिले, कोरे.
मग उलटं मोजणं.
रुसून गेलेलं माणूस परतावं तसं
पाणी परत येतं:
कोपऱ्यापर्यंत झपझप,
उंबऱ्याशी रेंगाळत.
उजाडेपर्यंत चार इंच अजून यायचे होते.

फॉर्मवर चौकट एकच, आकडा एकच.
गावच्या कौन्सिलला साडेसहाशे आवडलं असतं,
स्टॅनविकलाही.
ते खोटं नसतं.
तीन दिवस पुरेल इतकं खरं असतं.
मी चारशे तीस लिहिलं,
खोडलं, चारशे केलं.

डेल्मर कागदाकडे बघत म्हणाला,
आकड्यावर नाही अडणार. आट्यांवर अडेल.
दोन्ही शाळांचा फुटबॉल एक करायचं फिसकटलं
त्या साली गावांनी हायड्रंट घेतले
मुद्दाम वेगवेगळ्या कंपन्यांचे.
तेव्हापासून त्यांचा पाइप आमच्या तोंडाला बसत नाही.
मग त्यानं गाडीच्या खणातून
फडक्यात गुंडाळलेलं काही काढलं:
पितळेचा जोड, भाच्यानं लेथवर केलेला,
एका बाजूला आमचे आटे, दुसऱ्या बाजूला त्यांचे.
मंजुरी कुणाची नाही.
किती वर्षं हा खणात आहे
ते मी विचारलं, त्यानं सांगितलं नाही.
हातात धरला. वाटला त्याहून जड.

सही करायच्या आधी रकान्यात जागा उरली नव्हती,
म्हणून समासात, बारीक अक्षरात लिहिलं:
इ. कोल्टरमन. ८५ फूट. नळ खोकतो.
आणि डेल्मर पुन्हा टेपेला खडू फासायला लागला.