शिक्का

गालिच्यांचं जे दुकान बुडालं
त्यात आता दर शुक्रवारी पोरं वाजवतात.
दारावर हाताने रंगवलेली पाटी:
सगळ्या वयांना प्रवेश. दारू नाही. पाच डॉलर,
नसतील तर सांग, बघू.

सगळ्या वयांना, माझं सोडून.
मारिटने उतरता उतरताच बजावलं,
"बाबा, तू आत येऊ नकोस हं,"
आणि बेस गिटारची लांबडी पेटी दारात अडकवत, सोडवत
ती दिसेनाशी झाली.

मी गाडीत.
डुलुथचा जानेवारी, उणे वीस.
हीटर लावावा तर पेट्रोल जातं, न लावावा तर बोटं.
रांगेत माझ्यासारखे आणखी चौघे,
ज्याच्या त्याच्या काचेवर ज्याचा त्याचा श्वास.
पुढच्या पिकअपमधला सँडविच खात होता
मन लावून,
जणू त्याला तेवढंच काम नेमून दिलंय.

भिंतीतून नुसता खर्ज यायचा.
बावीस वर्षं गोदीत जहाजांच्या पोटात लोहखनिज ओतलं,
डावा कान तिथेच ठेवून आलो.
उजव्याला विचारलं, यातली आपली कोणती?
त्याला काय कळतंय.

शेवटी पोरीला दिलेला शब्द मोडायला
लघवी पुरली.

दारात थेरॉन नावाचा मुलगा, दातांना तारा.
मला बघून आधी ताडकन उभाच राहिला,
मग मनगटावर शिक्का मारला, निळा मासा,
आणि बरणीतून कानात घालायचे दोन पिवळे बोळे पुढे केले.
मी एकच घेतला.

आत भिंतींना न खपलेले गालिचे ठोकलेले,
शेजारच्या दाताच्या डॉक्टरची झोपमोड नको म्हणून.
काउंटरवर गुडरुन, तीस वर्षं शाळेची बस चालवलेली,
कागदी पेल्यांत गरम चॉकलेट ओतत होती.
तिने मला ओळखलं
आणि ओळखलं नाही असं दाखवलं.
एवढं शहाणपण
आरशात मागची पोरं बघून बघूनच येत असावं.

सामानाच्या फळ्या जोडून केलेल्या मंचावर
'ओले मोजे'. चौघं.
मारिट कडेला, अर्धी अंधारात.
मी खांबामागे, पूर्ण.

दुसऱ्या गाण्यात ती चुकली.
मला संगीतातलं ओ का ठो कळत नाही,
पण तिची चूक मला बहिऱ्या कानानेही ऐकू येते.
घरी चुकली की ती खोलीचं दार लावून घेते
आणि तीन दिवस कुणाला जेवण गोड लागत नाही.
तिच्या वतीने मी आधीच दाराकडे बघितलं.

तिने मात्र बघितलं ड्रमवरच्या पाकूकडे
आणि दोघी हसल्या,
वाजवता वाजवता, तोंड उघडं टाकून.
हात थांबले नाहीत.
समोरची वीसेक पोरं
चूक कळून की न कळून, उड्या मारतच राहिली.

हे हसणं माझ्या ओळखीचं नव्हतं.
सोळा वर्षं एका छपराखाली,
एकाच बाथरूमच्या दारावर थापा मारत राहिलो आम्ही,
कुठे ठेवलं होतं तिने हे?

टाळ्या पडायच्या आत मी सटकलो.
काचेवरचं बर्फ खरवडलं, पुन्हा खरवडलं.
दहाला ती आली, गाल लाल, केसांतून वाफ निघतेय.
पेटी मागच्या सीटवर आडवी निजवली.
"फार वेळ बसावं लागलं?"
"छे."

सिग्नलला थांबलो.
स्टिअरिंगवर मनगट, मनगटावर मासा,
लाल उजेडात काळा दिसणारा.
हातमोजा घालायचा राहूनच गेला होता.
तिने पाहिलं.
तिने पाहिलेलं मी पाहिलं.
तिच्याही मनगटावर तोच, घामाने फिसकटलेला.

हिरवा दिवा लागला, मागच्याने हॉर्न दिला,
तरी कुणी काही बोललं नाही.
मग खिडकीकडे तोंड करून ती म्हणाली,
"दुसरं गाणं जरा पळालं ना?"

"जरासं," मी म्हणालो,
आणि घराकडचं वळण
सोडून दिलं.