पायाळू

मी उलटी आले.
आधी पाय, मग बाकीची मी,
असं सुईण मानवतच्या गल्लीगल्लीत सांगत फिरली,
गावाची सोय झाल्यासारखं.

पाचव्या वर्षापासून रविवारी मला उठवायचे,
तोंड न धुता, कुणाशी न बोलता.
ओसरीवर कुणीतरी पालथं पडलेलं असायचं,
उसण भरलेलं, चमक धरलेलं.
आई माझा डावा पाय धरून
त्या कमरेवर टेकवायची तीनदा,
टपालात शिक्का मारतात तसा.

अक्षरांच्या आधी मी पाठी वाचल्या.
सटवाजी हमालाची, मधोमध खोल पन्हळ
आणि दोन्ही बाजूंना ताणलेले दोर.
गफूर पिंजाऱ्याची, उजवीकडे फुगलेली, डावीकडे उपाशी.
भोजने गुरुजी सदरा काढत नसत, लाजायचे.
आणि मागच्या आळीतली ती नवी सून,
पाय लागताच रडायला लागली.
आई म्हणाली, हे कमरेचं न्हाई.
तिला चहा दिला, मला आत पाठवलं.

बरं वाटायचं का त्यांना?
उठताना म्हणायचे तरी तसं.
गुळाचा खडा, नाहीतर चार आणे.
सटवाजी मात्र दर महिन्याला यायचा
आणि मला कळायचं नाही,
बरी झालेली पाठ परत कशाला येते.

आता मी सत्तेचाळीस, पाथरी आगाराची वाहक.
बावीस वर्षं डाव्या खांद्यावर तीच पिशवी,
पाठ दांड्याला, सोनपेठचा रस्ता.
ही काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते,
वर कितीही डांबर ओता,
दोन वर्षांत रस्त्याचे मणके वर येतात.
ते मी मोजलेत. उभ्यानं.

गेल्या माघात
सीटखाली गेलेला एक रुपया उचलायला वाकले
आणि तिथंच राहिले, विळ्यासारखी.
छत्तीस प्रवासी बघत होते.
एक म्हातारी ओरडली,
आगं, पायाळू मानूस हाय का कुनी गाडीत?
मी खालूनच म्हटलं, मावशे, मीच हाय.

स्वतःचा पाय स्वतःच्या कमरेला लागत नाही.
करून पाहिलंय.

परभणीच्या निकहत मॅडमनी पालथं पाडलं नाही.
आधी चालवलं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.
मग फोटो उजेडाला धरला.
दोन मणक्यांमधली गादी जराशी बाहेर आलेली,
उसवलेल्या कोपऱ्यातून कापूस डोकावावा तशी.
गफूरचाचाला दाखवायला हवी होती.
"अशी गादी कितीतरी जणांची असते,
काहीच न दुखणाऱ्यांचीही," मॅडम म्हणाल्या.
आठवडा आठवडा पडून राहू नका,
कंबर आपलं काम विसरते.
पिशवीचा खांदा बदलत जा.
गुडघ्यात वाका.
आणि पाय बधिर पडत चालला, किंवा लघवी अडली,
तर त्याच दिवशी या, उद्यावर टाकू नका.
मी विचारलं, कुठला पाय?
त्या हसल्या. कुठलाही.

मग उताणं झोपवलं.
गुडघे पोटाशी घ्या, हातांनी कवटाळा, श्वास सोडा.
दहा मोजा.
चारपर्यंत मोजलं आणि वाटलं,
ही बैठक ओळखीची आहे.
अशीच असेन मी तेव्हा, अंधारात,
डोकं वर, पाय दाराकडे,
कुणाच्याही कमरेचं काही देणं नसलेली.
पुढचे आकडे चुकले.

परवा रविवारी शेजारचा ओंकार आला,
दिवसभर कुरिअरचं दप्तर पाठीवर घेऊन फिरणारा,
तेवीस वर्षांचा, कमरेवर हात ठेवून.
काकू, पाय लावता का जरा?
सतरंजी टाकली. म्हटलं, उताणा हो.
त्याला वाटलं, माझं काहीतरी चुकलं.
दहादा गुडघे पोटाशी घ्यायला लावले,
दप्तरात किती किलो भरतोस ते विचारलं.
तेवीस किलो, म्हणाला.
वयाइतके.

मग पालथा केला
आणि डावा पाय टेकवला, हळूच, तीनदा.
एवढ्यासाठी आला होता बिचारा.
त्याची पाठ गरम होती,
आणि मधोमध,
आत्ताच खणायला घेतल्यासारखी,
सटवाजीची पन्हळ.