खरारा

एप्रिलात घोडे केस टाकतात.
त्या दिवसांत मला शोधायचं असेल तर पागेमागे या.
मी वाऱ्याकडे पाठ करून उभी असेन
आणि माझ्या बाहीत, भुवयांत, कॉफीच्या कपात
कुणाची ना कुणाची लव तरंगत असेल.

ग्राउनानं मला बसायला शिकवलं असं घरात म्हणत.
तिनं शिकवलं ते पडायला.
कुंपणापाशी ती अचानक थांबायची,
मी मात्र थांबायचे नाही.
मग मान वळवून बघायची,
चुकलेल्या बेरजेकडे मास्तरीण बघते तशी.

कोलुरबद्दल चांगलं बोलणारं आता कुणी उरलं नाही.
काळाकभिन्न, कान कायम मागे पडलेले.
पाद्रीबुवांची टोपी त्यानं चर्चच्या दारातच खाल्ली;
उरलेली अर्धी अजून आमच्या माळ्यावर आहे.
पण पोटाखाली, डावीकडे, त्याची वीतभर जागा होती.
तिथं खरारा लागला की खालचा ओठ लोंबायचा
आणि त्या नाठाळाचे डोळे मिटायचे.
ती जागा मला ठाऊक होती.
नवऱ्याबद्दल मी इतकं खात्रीनं सांगू शकत नाही.

ब्लेसी नदीचा घोडा.
हिमनदीचं पाणी दुधट, तळ दिसत नाही.
लगाम सोड, आयाळ धर, पलीकडचा डोंगर बघ,
पाणी बघू नकोस, ईस्लेवूरकाका सांगायचे.
मी पाणीच बघायचे.
मग काठ उलटे वाहू लागायचे
आणि मांडीखाली एवढंच उरायचं:
एक ऊब, टापांनी तळ चाचपत चाललेली.
तो बावीस वर्षांचा झाला तेव्हा काकांनीच गोळी घातली.
तोबरा मी धरला होता. चंदी अर्धी राहिली.
काका त्या दिवशी जेवले नाहीत.
दुसऱ्या दिवशी जेवले.

खरं तर द्रीवाबद्दल सांगायचं म्हणून
इतकी पाल्हाळ लावली.

राखी रंगाची, पाठीवरून शेपटीपर्यंत एक काळी रेघ.
आणि आमच्या बेटाची ती चाल, टोल्ट:
दुडकी नाही, भरधाव नाही,
चार टापा चार वेळा पडतात नि पाठ जागची हलत नाही.
दुधाची किटली हातात घेऊन मी डेअरीपर्यंत गेले.
सांडलं ते उतरताना.

छप्पर गळत होतं. जर्मनीहून एक सभ्य गृहस्थ आले.
त्यांनी तिचे दात पाहिले, खूर पाहिले, पैसे मोजले.
आमच्याकडे कायदा आहे:
बेट सोडून गेलेला घोडा परत येत नाही.
एका दिवसासाठीसुद्धा नाही. रोग येईल म्हणून.
माणसं जातात, येतात.
माझी साल्वोर हॅम्बुर्गहून दोनदा कायमची आली.

सहा वर्षांनी मी तिकडे गेले.
सफरचंदाच्या झाडाखाली द्रीवा उभी होती,
अंगावर झूल, कारण तिकडचे डास तिला सोसत नव्हते;
आमच्याकडे असले डास नसतात.
मानेवरची आयाळ खाजवून खाजवून गेलेली.
मी हाक मारली. तिनं हात हुंगला,
नीट, सावकाश हुंगला,
आणि पुन्हा गवताला तोंड लावलं.

त्यांच्या खराऱ्यानं मी तासभर तिचं अंग केलं.
परतताना तो खरारा तिथंच ठेवावा लागला,
बूट टाकून द्यावे लागले,
कोट धुवून घ्यावा लागला. कायदाच तसा.
विमानतळावर मी कोपरापर्यंत साबण लावला.
दोनदा लावला, उगाच दुसऱ्यांदा.

आता गुडघा रिकिबीपर्यंत उचलत नाही.
खरारा मात्र करते, दुसऱ्यांच्या घोड्यांना,
सहलीला येणारी माणसं ज्यांवर बसून फोटो काढतात त्यांना.
गळलेले केस धोबीण पक्षी उचलून नेतात.
परवा कौलाखाली घरटं सापडलं.
आत तांबूस, काळे, पांढरे केस गोल वळलेले.
राखी आहे का, म्हणून चष्मा लावून पाहिलं.

नव्हता.
अंडी चार होती.
मी शिडी हळूच बाजूला घेतली.