कोपरखळी

सरकारी पत्रं जायची शाळेत, जांभळा शिक्का मारून –
‘पाल्यास दंततपासणीकरिता उपस्थित ठेवणे बंधनकारक आहे.’
बंधनकारक हा शब्द वाचला की
आमच्या भागात माणसं कागदाची घडी घालतात
आणि संध्याकाळी त्यावर शेंगदाणे खातात.
सोमवारी बावीस लेकरं यायची होती. दोन आली.
त्यातलं एक आमच्या ड्रायव्हरचं.

डॉक्टर तहसीन म्हणाल्या, काकू,
ओरडून कुणी येत नसतं. जरा कोपरानं ढोसून बघू.

मग सोमवार सोडला, बुधवार धरला.
बुधवारी बाजार. आया येतातच मेथीच्या जुड्या घेऊन,
लेकरू पदराला असतंच.
मग ‘पाल्य’ खोडलं आणि नाव घातलं:
कार्तिकी, तुझी खुर्ची साडेदहाला राखून ठेवलीय.
राखून ठेवलेलं आमच्याकडं कुणी सोडत नाही,
सेलूच्या स्टँडवर खिडकीतून रुमाल टाकून धरलेली जागासुद्धा.

आणि तारीख आम्ही लिहायची नाही.
ज्याचा दात, त्याचा हात.
लेकरानं पेन धरायचं, जीभ बाहेर काढून
एकेक आकडा कोरायचा,
चिठ्ठी न्यायची घरी, आरशाच्या फळीवर,
कंगव्याखाली.

दोनाचे नऊ झाले. नवाचे चौदा.
रात्री पाठ टेकली की मला वाटायचं,
ही लबाडी तर नाही?
चिमणीचा घास, काऊचा घास म्हणत
आपण कुणाच्या तोंडात काय घालतोय?
मग एखादं लेकरू आ करायचं,
आत काळ्या कोळशासारखी दाढ,
आणि तो विचार तिथंच राहायचा.

एका रविवारी मी क्वार्टरसमोर ज्वारी पाखडत होते.
फाटकातून कार्तिकी आली, एकटी, दुधनेच्या पुलावरून चालत,
केसांना तेल, तोंडाला अजून पेस्टचा पांढरा डाग.
‘माजी खुर्ची कुटंय?’
अगं, आज रविवार. तुझी सव्वीस तारीख, बुधवारी.
तिनं चिठ्ठी पुढं केली.
सव्वीसचा सहा उलटा पडलेला, त्याचा झाला होता तीन.
‘हे बगा, तेवीस. माज्याच हातचं हाय.’

यावर काय बोलणार?
किल्ली आणली, कुलूप काढलं.
तिला खुर्चीत बसवलं, पायाखालचं बटण दाबून
दोनदा वर नेलं, दोनदा खाली.
वरचा दिवा लावला.
दाताला हात लावला नाही, तो माझा अधिकार नाही.
ती उजेडात डोळे मिटून पडून राहिली,
जशी काही घरच्या ओसरीवर.

मग डोळे उघडून म्हणाली,
‘काकू, तुमचा गाल कामून सुजलाय?’
काही नाही, दाढ आहे. लवंग धरते.
‘कवापासून?’
मी रजिस्टर उचललं, उगीच पानं चाळली.
पोळ्याच्या आधीपासून, म्हणाले.
कुठल्या पोळ्याच्या, ते सांगितलं नाही.

तिनं माझ्या खिशातलं पेन काढलं,
कोऱ्या चिठ्ठीवर लिहिलं: शेवंता काकू.
पुढं दोन टिंबं दिली आणि थांबली.
‘तारीक तुमी लिवा.’

मी बावीस वर्षं या खोलीत तारखा लिहितेय.
हात थोडा थरथरला.
सव्वीस लिहिलं,
सहाचं शेपूट नीट उजवीकडं वळवलं.

बुधवारी ती आली, साडेदहाला, आईला ओढत.
दाढ भरून झाली, एक चंदेरी ठिपका,
तो ती बाजारभर ओठ ताणून दाखवत फिरली असणार.
माझ्याकडं पाहिलं नाही, काही विचारलंही नाही.
फक्त दारातून बाहेर पडताना
माझ्या बरगडीत तिचं कोपर लागलं.

चुकून लागलं असेल.
गर्दी होती.