एकशे साडेचार अंश

संध्याकाळच्या बॅचला मी रेणू चण्यांचे करते.
रात्रभर भिजवलेला काबुली म्हणजे ऑक्सिजन,
काळा हरभरा कार्बन, वाटाणा हायड्रोजन,
मध्ये दातकोरणी.
दांडिया बाजारात, जिना चढून डावीकडची खोली;
खाली सेव-उसळीची गाडी,
पातेल्यात तर्री पाण्याला न जुमानता वर.

कृपाल पारीखने आज काबुली, काळा, काबुली
सरळ रेषेत ओवलं आणि विचारलं,
"बेन, दोन्हीकडून खेचतायत, तरी शून्य कसं?"

शून्य असं, की दोघं सारखंच खेचतात
आणि अगदी समोरासमोर.
मधल्याच्या अंगावरचं दोन्हीकडे ओढलं जातं,
बाहेरून मोजावं तर काटा हलत नाही.
"म्हणजे त्रास आहे, पण दिसत नाही," कृपाल म्हणाला.
मी फळ्यावर शून्य काढलं
आणि त्याचं वाक्य माझ्या वहीत उतरवलं.

मी हे गुजरातीत शिकले: सहसंयोजक बंध.
लग्नानंतर सांगलीचा नवरा हसला,
अगं, सहसंयुज.
नणंदा म्हणायच्या, हिचं मराठी बडोद्याचं, गोड आहे.
गोड म्हणजे चुकीचं, हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या.
इकडे नंदेसरीच्या लॅबमध्ये बावीस वर्षं
माझं नाव "पेली मराठी बेन".
सांगली एका टोकाला, नंदेसरी दुसऱ्या,
आणि मी मध्ये ताठ.
काटा हलायचा नाही.

तेवढ्यात उर्वशी शिर्केने पाणी केलं.
एक वाटाणा सुटला, तिने घाईने कुठेतरी खुपसला.
"वाकडं झालं. काढू?"
राहू दे.
पाणी वाकडंच असतं, एकशे साडेचार अंश.

"पण वाकवतं कोण?"

इथे चणे अपुरे पडतात.
ऑक्सिजनजवळ इलेक्ट्रॉनच्या आणखी दोन जोड्या असतात,
कुणाशी वाटून न घेतलेल्या.
दातकोरणीला त्यांचा पत्ता नाही,
पण जागा त्यांनाही लागते;
त्या बांधलेल्यांना रेटतात, जरासं,
आणि रेणू कोपरात दुमडतो.
दुमडला की दोन ओढी एकमेकींना पुसत नाहीत,
काहीतरी एका बाजूला उरतं.
ते उरलेलं आहे म्हणून मीठ विरघळतं,
म्हणून रेणू रेणूला धरून राहतो,
नाहीतर या उकाड्यात
अख्खी विश्वामित्री वाफ होऊन गेली असती
आणि मगरी चिखलात विचार करत बसल्या असत्या.

उर्वशी हसली. मी नाही हसले,
कारण माझ्याजवळही आहेत तशा दोन गोष्टी,
सांगलीला न सांगितलेल्या,
नंदेसरीच्या रजिस्टरात न चढलेल्या.
इथेही लिहिणार नाही.
एवढंच, की मी सरळ आहे असं
मी उगाच समजत होते.

साडेसात वाजले. कृपालने
कार्बन डायऑक्साइड तोंडात टाकला, वर मीठ मागितलं.
दातकोरण्या डब्यात जमा झाल्या,
एक कमी.
खिडकीतून पाहिलं तर उर्वशी गाडीपाशी गर्दीतून निघालेली,
एका हाताने वाट काढत,
दुसऱ्या तळहातावर पाणी,
आणि त्याचा कोन मोडू नये म्हणून
तो तळहातही जरा वाकडा.