आठवी ओळ

सोहारच्या बंदराबाहेर, तव्यासारख्या पत्र्यांच्या मागे
आमचा दवाखाना. मी आत, एसीच्या गारव्यात,
बाहेरच्या उन्हाचे आकडे सरळ करते.

डॉक्टरांना हवा साधा तक्ता. दर मापाला एक ओळ,
रकाने चारच: कोण, कधी,
अंग किती तापलं, पाणी किती प्यायला.
पण फाइल येते ती अशी:
कंपनीच्या पोटात कॅम्प, कॅम्पच्या पोटात खोली,
खोलीत बंक, बंकावर माणूस,
आणि माणसाच्या पोटात पुन्हा एक यादी,
कुणाची तीन मापांची, कुणाची अकरा,
जशी ज्याची पाळी लागली तशी.

कंसात कंस, त्यात कंस.
सातवीत आम्ही या शब्दाला खिदळायचो,
मामा गणितात कसा काय आला म्हणून,
आणि पेठेबाई डस्टर आपटायच्या.
आता हसू येत नाही. एक चौकट उघडायला, एक लावायला,
आणि मध्ये कुणीतरी
मोजलं जायची वाट बघत बसलेलं.

उतरंड उतरवावी तशी उतरवते मी.
वरचं आधी, हळूच, खालच्याला धक्का न लावता.
एकदाच लिहिलेलं ओळी-ओळीत भरत जाते:
कॅम्प चार, कॅम्प चार, कॅम्प चार.
कंटाळवाणं दिसतं, पण नेटकेपणा तो हाच,
की कुणालाही आपला पत्ता शोधायला
मान वर करून बघावं लागू नये.

साडेतीनला तक्ता झाला.
दोन हजार तीनशे अठरा ओळी, एकही वाकडी नाही.
चहाला उठले, आणि उठता उठता
नुसती सवय म्हणून माणसं मोजली.
आत गेले होते चारशे बारा.
बाहेर आले चारशे अकरा.

प्रोग्रॅमची काही तक्रार नव्हती.
लाल अक्षर नाही, इशारा नाही.
ज्याची यादी रिकामी, त्याच्या ओळी किती?
शून्य. हिशेब चोख.
सारवलेल्या जमिनीवर सगळंच छान दिसतं,
सारवासारवसुद्धा.

कॅम्प चार, खोली सतरा. बंक आठ, माणसं सात.
कंसातून आठवा निसटला
ही गोष्ट लहानपणापासून ठाऊक आहे.
पण त्या गोष्टीत निसटलेला वाचतो.

मूळ फाइलीत सापडला.
लियाकत परकार, वय एकेचाळीस, गाव हर्णै.
पुढे उघडता कंस, मिटता कंस,
मध्ये एक मोकळी जागासुद्धा नाही.

हर्णै! आत्याच्या मुरुडहून चालत जायचो आम्ही
मासळीच्या लिलावाला.
आता हे मी का सांगतेय?
बाकीचे चारशे अकरा कुठले, ते मी पाहिलंही नव्हतं.

सिस्टर जिन्सीला फोन लावला.
“तो? रोज येतो की. रांगेत शेवटी उभा राहतो,
मागून कुणी आलं की त्याला पुढे जा म्हणतो.
त्याचा नंबर लागतो तेव्हा
बसचा हॉर्न वाजतो.”

एका शब्दाची सोय असते: रिकामे ठेव.
मी ती मागितली नव्हती.
आता मागितली, पुन्हा चालवलं.
दोन हजार तीनशे एकोणीस.

लियाकत परकार. केव्हा: माहीत नाही.
तापमान: माहीत नाही. पाणी: माहीत नाही.
सरासरी काढताना डॉक्टर त्याला गाळतील,
गाळावंच लागतं, त्याशिवाय बेरीज होत नाही.
पण आता ते गाळतील. आपोआप गळणार नाही तो.

जिन्सीला आणखी एक सांगून ठेवलंय.
बस साडेपाचला सुटते.
उद्या रांग मागून सुरू कर.