बोट

मे महिन्यात हिंगण्याच्या शेडमध्ये
पहाटे तीनलाच हात घालतो आम्ही.
उजाडलं की राळ डब्यातच दगड.

साच्यावर काळं कार्बनचं कापड अंथरताना
सोनकुसरे काकूंचं बोट थांबतं.
"इथं धागा सुटला नं जी."
मला दिसत नाही.
गोळीबार चौकातला हातमाग विकून बारा वर्षं झाली,
बोटं अजून तिथंच बसतात.

पंप सुरू. पिशवी आवळत जाते,
पोट आत ओढून धरल्यासारखी.

दुसऱ्या दिवशी काट्यावर एकतीस किलो.
चौदाशे ग्रॅम जास्त.
कुठून खरवडू?

काकू एक टोक उचलून बघतात.
"अन् हे पाण्यात किती वेळ पळते?"
सात सेकंद.
"सातच? नऊवारी नेसाले याहून जास्त लागते, बाप्पा,"
म्हणतात,
आणि पॉलिश-पेपर ओला करायला घेतात.